नदीकाठी झाडं लावली की कार्बन नेमका जातो कुठं?

परवा आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी मला लिफ्टपाशीच गाठलं. हातात पेपर. "अगं, हे नदीकाठी देशी झाडं लावून कार्बन साठवणार म्हणतायत, म्हणजे काय गं? हवा कशी साठवतात झाडात, सिलिंडर आहे का तो?" लिफ्ट दोनदा येऊन गेली तरी आम्ही तिथंच उभ्या, कारण प्रश्न एकदम बरोबर होता आणि मला तो दोन वाक्यांत सांगता येईना. आम्ही राहतो बोरिवली पूर्वेला, दहिसर नदी इथून चालत दहा मिनिटांवर. नॅशनल पार्कात बघाल तर झाडांच्या सावलीतून वाहते आणि बाहेर पडली की दोन भिंतींमधला नाला होते. म्हणून काकूंना जे तोंडी सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितेय.

झाडाचं वजन येतं कुठून?

बी एवढीशी आणि झाड केवढं, मग मधलं सगळं लाकूड आलं कुठून? बहुतेक जण पटकन म्हणतात, मातीतून. पूर्वी सगळ्यांना तसंच वाटायचं. आजच्या बेल्जियममध्ये राहणाऱ्या यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट नावाच्या माणसानं ते तोलून बघायचं ठरवलं. कुंडीत साधारण ९० किलो सुकी माती मोजून घातली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घालत राहिला. पाच वर्षांनी झाड भरलं जवळजवळ ७७ किलो. माती पुन्हा सुकवून तोलली तर ती कमी झाली होती जेमतेम ५५-६० ग्रॅम! हे सगळं तो गेल्यानंतर, १६४८ मध्ये छापून आलं. त्याला वाटलं की लाकूड पाण्याचंच बनतं, आणि तो अर्धा बरोबर होता, कारण उरलेली गोष्ट हवेत होती आणि ती तेव्हा कुणाला दिसली नव्हती.

पानांना बारीक छिद्रं असतात, त्यातून झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतं, मुळांतून पाणी घेतं, उन्हाच्या जोरावर दोन्हीची साखर बनवतं आणि ऑक्सिजन बाहेर सोडतं. ह्या साखरेच्या लांबच लांब साखळ्या जोडल्या की लाकूड. म्हणजे आपण ज्याला खोड म्हणतो ती खरं तर घट्ट झालेली हवा आहे, पाण्यात कालवलेली. सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. काकूंचा सिलिंडर तसा अगदीच चुकीचा नव्हता, फक्त ह्यात वायू वायूच्या रूपात राहत नाही, लाकूड होऊन बसतो.

ह्याची गरज का पडली तर कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळायला लागण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता ४२० च्या वर गेलाय. हा वायू उष्णता धरून ठेवतो. तो कमी करायचे दोन मार्ग, सोडायचा कमी किंवा सोडलेला परत कुठंतरी बांधून ठेवायचा. ह्या बांधून ठेवण्याला कार्बन सिक्वेस्ट्रेशन म्हणतात. मोठा शब्द आहे, ह्यापुढे आपण साठवणच म्हणूया.

खिशातली कॅश आणि एफडी

साठवण म्हटली की लोक फक्त झाड किती शोषतं ते विचारतात, पण खरा प्रश्न किती दिवस ठेवतं हा आहे. पान म्हणजे खिशातली कॅश. आज आली, फाल्गुनात गळली, कुजली, आणि कार्बन गेला परत हवेत. खोड, जाड फांद्या आणि जाड मुळं ही एफडी, झाड उभं आहे तोवर मोडत नाही. मातीत मुरलेला कार्बन म्हणजे घरातलं जुनं सोनं, हळूहळू जमतो पण जमिनीला कुणी हात लावला नाही तर फार काळ राहतो.

आता झाड पडलं, जाळलं, कुजलं की एफडी मुदतीआधी मोडली. व्याज तर नाहीच, मुद्दलही हवेत. त्यामुळे ५ जूनला, पर्यावरण दिनाला, रोप लावताना काढलेला फोटो म्हणजे खातं उघडल्याची पावती, त्यात पैसे पडलेत की नाही ते पुढची तीस-चाळीस वर्षं ठरवणार. आणि रोपात तसा कार्बन असतो किती? काहीच नाही, मूठभर. मला तर वाटतं की किती रोपं लावली हा आकडा छापायचाच बंद करावा आणि पाच वर्षांनी किती उभी आहेत तो छापावा. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं टार्गेट होतं, आठवत असेल सगळ्यांना. ३३ कोटी हा आकडा पाठ आहे, पण त्यातली आज किती उभी आहेत हे कुणी पाठ केलंय का?

एका झाडात किती मावतो?

साधं गणित करून बघू. ज्या झाडाला मिठी मारली तर हात जेमतेम एकमेकांना भेटतात, म्हणजे घेर साधारण सव्वा मीटर, उंची चार-पाच मजल्यांइतकी आणि लाकूड मध्यम जड, अशा झाडाचं सुकं वजन मुळं धरून अंदाजे एक टन भरतं. त्यात निम्मा कार्बन. हवेत हाच कार्बन ऑक्सिजनसोबत असतो तेव्हा त्याचं वजन ३.६७ पट असतं, कारण कार्बनचे १२ भाग आणि ऑक्सिजनचे ३२ भाग मिळून ४४ होतात. म्हणजे त्या एका झाडानं आयुष्यभरात हवेतून साधारण पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड काढून घेतला.

एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पावणेदोन टन म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास पेट्रोल. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यात ११ हजार किलोमीटर धावते. म्हणजे मुंबईत रोज ऑफिसला गाडी नेणाऱ्या माणसाचं एका वर्षाचं रनिंग, आणि ते भरून काढायला एक झाड आणि त्याची कित्येक दशकं. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा अर्धा तास नुसती बसून होते.

मग नदीकाठच का?

नदीच्या दोन्ही बाजूंचा जो पट्टा असतो, जिथं नदीचं पाणी जमिनीच्या आतून पोहोचतं आणि पुरात वरून जातं, त्याला रिपेरियन झोन म्हणतात. आपण काठच म्हणू. काठाची गंमत अशी की तिथं झाडाला उन्हाळ्यातही खाली ओल मिळते, दर पावसाळ्यात पूर नवीन गाळ आणून टाकतो, म्हणजे खत घरपोच, त्यामुळे डोंगराच्या उघड्या उतारावर तेच झाड वाढेल त्याच्या मानानं काठावर जोमानं वाढतं. जुने लोक उंबर दिसला की खाली पाणी आहे म्हणायचे, विहिरीची जागा बघताना उंबर शोधायचे, ते उगाच नाही.

दुसरं म्हणजे माती. झाडाची मुळं काठ धरून ठेवतात. काठ ढासळला की झाड तर जातंच, पण वर्षानुवर्षं त्या मातीत मुरलेला कार्बनही गाळासोबत वाहून जातो. ओल्या मातीत हवा कमी खेळते त्यामुळे पालापाचोळा सावकाश कुजतो, कार्बन जास्त काळ टिकतो. आणि झाड जे बाकीचं करतं ते वेगळंच, पाण्यावर सावली पडली की पाणी गार राहतं, गार पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, पानं पडतात ती किडे खातात, किडे मासे खातात, उंबराची फळं खाऊन पक्षी आणि वटवाघळं बिया पुढं नेऊन टाकतात.

देशीच कशाला, भराभर वाढणारं काहीही लावा की!

हा प्रश्न हमखास येतो. सुबाभूळ वाढते झपाट्यानं हे खरं. पण ती मूळची मेक्सिकोकडची, पाणी साचलेलं तिला सोसत नाही, आणि बिया इतक्या पडतात की दुसऱ्या कशाला उगवायला जागा ठेवत नाही. गुलमोहर मादागास्करचा, दिसतो फार सुंदर, पण मुळं वरवरची, दर पावसाळ्यात तो उन्मळून गाड्यांवर पडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. रेन ट्री दक्षिण अमेरिकेकडचा. मुंबईत ह्याच्या सावलीत आपल्या पिढ्या वाढल्या, मलाही तो प्रिय आहे, पण गेल्या दहा-बारा वर्षांत पिठ्या ढेकूण नावाच्या किडीनं शेकडो रेन ट्री उभे वाळले. एफडीच्या भाषेत सांगायचं तर व्याजदर मोठा, पण बँक बुडायची भीती.

काठावर हजारो वर्षं राहून तिथल्याच झालेल्या झाडांचं वागणं बघा. शेरणी हे झुडूप पुरात चक्क आडवं होतं आणि पाणी ओसरलं की परत उभं राहतं. वाळुंज, हा त्या हेल्मोंटच्या विलोचा आपला भाऊबंद बरं का, त्याची फांदी ओल्या मातीत खोचली तरी मूळ धरते. करंजाला पाय पाण्यात चालतात, थोडं खारं पाणीही चालतं, वर तो मुळांतल्या जीवाणूंच्या मदतीनं हवेतला नायट्रोजन जमिनीला देतो. अर्जुन नदीच्या दगडगोट्यांत पाय रोवून मोठाल्या पांढुरक्या खोडाचा होतो. जांभूळ, उंबर, ताम्हण, सगळी पाण्याची सवय असलेली.

पण नुसतं देशी म्हणूनही भागत नाही. सागवान देशीच आहे, त्याला पाय ओले ठेवलेले अजिबात चालत नाहीत. म्हणजे ह्या जमिनीचं झाड आणि ह्या जागेचं झाड, दोन्ही बघावं लागतं. पाण्याला लागून शेरणी, निर्गुडी, वाळुंज, थोडं वर करंज, उंबर, अर्जुन, जांभूळ, आणि जिथं भरतीचं पाणी आत येतं तिथं ह्यांचं काही काम नाही, तिथं तिवर आणि चिप्पी, म्हणजे कांदळवन.

हे मी पुस्तकातून नाही, हात मातीत घालून शिकले. काही वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी एका ओढ्याच्या काठी चाळीस रोपं लावली, नर्सरीत जी मिळाली ती, गुलमोहर, बदाम, सोनमोहर, मधे थोडे करंज आणि उंबर. पहिल्याच पावसाळ्यात दोनदा पाणी चढलं. दिवाळीनंतर गेलो तर नऊ उभी, त्यातली पाच करंज-उंबर. मेलेल्या रोपांच्या ट्री गार्डला प्लास्टिकच्या पिशव्या लटकलेल्या, ते बघून फार वाईट वाटलं, कारण ती रोपं मेली ती आमच्या निवडीमुळे.

म्हणजे मुंबईचा कार्बनचा प्रश्न सुटला?

नाही, आणि हे स्पष्टच सांगायला हवं. मिठी नदी धरू, विहार-पवईपासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटर. दोन्ही काठ मिळून ३६. समजा चमत्कार झाला आणि सगळा काठ मोकळा मिळाला, दर पाच मीटरवर एक झाड, तीन रांगा. साडेएकवीस हजारांच्या आसपास झाडं. सगळीच्या सगळी जगली, सगळी वरच्या हिशोबातल्या झाडाएवढी मोठी झाली, तर त्यांच्यात मिळून सुमारे ३८ हजार टन कार्बन डायऑक्साइड साठलेला असेल. आणि मुंबईच्या हवामान कृती आराखड्यात शहराचं २०१९ सालचं उत्सर्जन दिलंय सुमारे २ कोटी ३४ लाख टन. दिवसाला भागा, ६४ हजार टन. म्हणजे मिठीच्या काठच्या सगळ्या झाडांची तीस-चाळीस वर्षांची कमाई आपण १४ तासांत खर्च करतो. सकाळी सहाला सुरू केलं तर रात्री आठला खातं रिकामं.

त्याच आराखड्याप्रमाणे ह्यातलं साधारण ७० टक्के विजेपोटी आणि इतर ऊर्जेपोटी आहे. ते वीज कुठून आणतो, एसी किती लावतो, ह्यावर ठरतं. कुठल्याही झाडाच्या गळ्यात ते बांधता येणार नाही. कुणी नदीकाठी झाडं लावून कार्बन न्यूट्रल झाल्याचं, म्हणजे सोडतो तेवढा सगळा परत साठवत असल्याचं, सांगत असेल तर वरचं गणित त्याच्यापुढे ठेवा.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

काकूंनीही नेमकं हेच विचारलं. मला वाटतं आपण उलट्या बाजूनं धरतोय. कार्बन हे काठावरच्या झाडाचं मुख्य काम नाही, ती वरकमाई आहे. काठ धरणं, गाळ अडवणं, पाणी गार ठेवणं, पाखरांना जागा देणं हे त्याचं रोजचं काम, ते करता करता कार्बनही जमतो. नुसत्या कार्बनसाठी झाडं लावायला निघालं की माणूस भराभर वाढणारं एकच झाड रांगेत लावतो आणि बाकी सगळं हातचं घालवतो.

शिवाय मुंबईच्या नद्या फक्त मुंबईत नाहीत. आपण पितो ते पाणी तानसा, भातसा, वैतरणेचं, फक्त विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत. शहापूर, मोखाडा, इगतपुरीकडच्या त्या ओढ्या-नाल्यांचे काठ मिठीच्या काठाच्या कितीतरी पट लांब आहेत आणि तिथं भिंती नाहीत. तिथली झाडी राहिली तर गाळ धरणात येण्याआधी अडतो, आणि साठवणीचा आकडाही तिथंच जरा डोळ्यात भरण्याइतका होऊ शकतो. पण त्या काठांवर लोक राहतात, शेतं आहेत, गुरं चरतात. त्यांना विचारल्याशिवाय, फळाचा-चाऱ्याचा त्यांचा वाटा ठेवल्याशिवाय तिथं कुठलंही झाड टिकणार नाही. जांभळाचं झाड ज्याच्या पोरांनी चढून खाल्लंय तो ते तोडू देत नाही.

आणि मुंबईच्या आत सगळ्यात जड खातं कांदळवनाचं. तिथं कार्बन खोडापेक्षा खालच्या चिखलात जास्त असतो, खारट, हवा नसलेल्या चिखलात तो फार सावकाश कुजतो. तो पट्टा आपल्याकडे आधीच उभा आहे, लावायचीही गरज नाही, फक्त त्यावर भराव टाकायचा नाही.

झाडांनी पूर वाढेल, त्याचं काय?

२६ जुलै २००५ ज्यांनी पाहिलाय त्यांच्यापुढे हा प्रश्न हलक्यात घेता येत नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, मिठी घरात शिरलेली. त्यानंतर पात्र रुंद केलं, भिंती बांधल्या. भीती खरी आहे, पात्राच्या मधोमध झाडं वाढली किंवा तुटलेल्या फांद्या पुलाच्या तोंडाशी अडकल्या तर पाणी तुंबतंच. म्हणून झाडं पात्रात नाही, काठाच्या वर. पाण्याजवळ फक्त वाकणारी झुडपं. आणि मिठीच्या ज्या भागात भिंतीला लागून घरं आहेत तिथं झाडाला जागाच नाही, तिथल्या माणसांना हलवून झाडं लावा असं म्हणायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. पण जिथं अजून कच्चा काठ शिल्लक आहे, आरेत, नॅशनल पार्कच्या कडेला, दहिसर-पोईसरच्या वरच्या भागात, तिथं तरी नवीन भिंत घालायच्या आधी दहादा विचार व्हावा. भिंतीमुळे पाणी जोरात पळतं आणि खालच्या वस्तीत एकदम पोहोचतं, झाडीचा काठ त्याला थोडं थांबवून, जिरवून पुढं सोडतो.

झाडं पाणी पितात हेही खरं. देशी असली तरी पितात. पण नदी उघडी पडली की ऊन पाणी पितं, आणि ऊन जमिनीत पाणी मुरवत नाही. जिथं उन्हाळ्यात नदी अगदी धाग्याएवढी होते तिथं दाट लावू नये, विरळ लावावीत, एवढं तारतम्य ठेवलं की झालं.

सांडपाण्याचं मात्र झाडांवर ढकलू नका. पाण्यात थेट मैला सोडत राहिलो तर तळाशी हवा नसलेला गाळ कुजतो आणि मिथेन सुटतो. मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त उष्णता धरतो, म्हणजे काठावर साठवायचं आणि पात्रातून सोडायचं.

कार्बन क्रेडिट म्हणजे झाडं विकायची का?

झाड नाही, साठवणीचा हक्क. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, जो हवेतून काढला किंवा हवेत जायचा वाचवला. ते विकत घेऊन कंपनी आपल्या हिशोबातून वजा करते. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये त्यासाठी ट्रेडिंग स्कीमही जाहीर केली. वाईट कल्पना नाही, पण मी दोन गोष्टी विचारते. पैसे नसते मिळाले तरी ही झाडं लावली असती का? लावली असती तर नवीन काय घडलं. आणि झाड वीस वर्षांनी पडलं तर क्रेडिट परत घेणार कोण?

तसंच जुनं झाड तोडून बदल्यात नवीन लावण्याचं. २०२१ मध्ये राज्याच्या झाडांच्या कायद्यात सुधारणा झाली, पन्नास वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज म्हणायचं आणि तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. आधीपेक्षा नक्की बरं. पण साठ वर्षांच्या झाडाच्या बदल्यात साठ रोपं आली तरी त्या सगळ्यांचं मिळून सुकं वजन सुरवातीला काही किलो. तोडलेल्याचं एक-दीड टन. मधल्या दशकांचा खड्डा भरत नाही.

घेर मोजायची टेप

शेवटी काकू म्हणाल्या, "हे सगळं ठीक, पण मला बघायला कसं मिळेल कार्बन साठलेला?" मिळतं की! जमिनीपासून साडेचार फुटांवर, आपल्या छातीच्या उंचीला, खोडाचा घेर मोजायचा. वनखात्याचे लोकही तिथंच मोजतात. दरवर्षी त्याच जागी मोजला की घेर किती वाढला ते कळतं, आणि वाढलेला प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे हवेतून आलेलं लाकूड. झाड जसं जाड होतं तसा तोच एक सेंटिमीटर जास्त वजनाचा होत जातो, कारण तो मोठ्या खोडाभोवती गुंडाळला जातो.

रविवारी सकाळी काकूंनी ब्लाउजची मापं घ्यायची टेप पर्समध्ये टाकली आणि आम्ही पार्कात गेलो. नदीच्या वळणावर एक करंज आहे, नवी पालवी चकाकत होती. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं टोक घेऊन त्या खोडामागून फिरून आल्या. १३२. त्यांनी तो आकडा घरी येऊन कालनिर्णयवर लिहून ठेवलाय, आणि पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आणलं की पहिल्या पानावर तो परत उतरवून घ्यायचं मला बजावलंय.